मूळ शब्द डुकराचा होता

लेखापरीक्षणाचा शेरा दुसऱ्यांदा मराठीत वाचून दाखवला गेला, त्या दुपारपासून धामणखेड नगरपरिषदेचे सगळे सभासद गव्हाणीत जेवू लागले. गावाला याचं नवल वाटलं नाही असं नाही. पण सुरुवातीचे काही दिवस लोकांपुढे त्याहून निकडीचा प्रश्न होता, तो म्हणजे कडबा कुणी पुरवायचा.

शेरा मुळात इंग्रजीत होता. लेखापरीक्षक नंबियार साहेबांचं अर्धं आयुष्य महाराष्ट्रात गेलेलं, मराठी ते बऱ्यापैकी बोलत. पण राग आला की ते इंग्रजीत लिहीत. धामणखेडचे कागद पाहून त्यांना राग आला होता. अहवालाच्या शेवटी त्यांनी एकच ओळ लिहिली, ‘ऑल मेंबर्स हॅव देअर स्नाउट्स इन द ट्रफ.’ आणि सही करून ते निघून गेले.

मुख्याधिकारी कौस्तुभ दंडवते नव्यानं बदलून आले होते आणि नियमाला धरून चालणारे होते. नियम असा की शेरा मराठीत करून सभेपुढे वाचायचा आणि मग त्याचं अनुपालन करायचं. त्यांनी कचेरीतच भाषांतर करून घेतलं. ‘सर्व सभासदांची नाके पन्हळीत आहेत.’ हे सभेत वाचलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या सभासदांची नाकं पन्हळीसारखी वाहू लागली. कुणाला ताप नाही, खोकला नाही, नुसती धार. नगराध्यक्षा विमलताई भातांब्रे तोंडाला टॉवेल लावून कचेरीत आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, हे किती दिवस चालायचं?”

दंडवत्यांनी अहवाल पुन्हा वाचला. “शेरा लागू पडलाय, ताई. पण नंबियार साहेबांना म्हणायचं होतं ते हे नसावं. भाषांतर दुरुस्त करून घ्यावं लागेल.”

म्हणून ते शैलजाबाई हिंगमिऱ्यांकडे आले. शैलजाबाईंनी मुलींच्या शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवलेलं. गावातल्या निम्म्या सुना त्यांच्या हाताखालून गेलेल्या. शिवाय त्यांचे यजमान गुरुलिंग अप्पा हे बांधकाम समितीचे सभापती होते, त्यामुळे बाई नाही म्हणणार नाहीत असं दंडवत्यांना वाटलं. ते आले तेव्हा अप्पा आतल्या खोलीत डोक्यावर चादर घेऊन वाफ घेत बसले होते.

शैलजाबाईंनी ओळ वाचली. चष्मा काढून पुसला आणि परत वाचली.

“बाई, मला शब्दाला शब्द नकोय,” दंडवते म्हणाले. “अर्थ आला पाहिजे आणि वापरही आला पाहिजे.”

“वाईट अर्थानं आहे हे.”

“किती वाईट?”

बाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, “इंग्रजांकडे डुकरं पाळतात. त्यांना लांबलचक डोणीत खायला घालतात. डुकरं एकमेकांना ढकलत तोंडं घालतात आणि डोणी रिकामी होईपर्यंत मान वर काढत नाहीत. लोकांच्या पैशावर जगणाऱ्यांना ते असं म्हणतात.”

“म्हणजे आपल्यात पैसे खाणं म्हणतात, ते?”

“तेच. पण आपल्याकडचा पैसे खाणारा एकटा खातो आणि टेबलाखालून खातो. यातले सगळे एका ओळीत, उघड्यावर खातात.”

दंडवत्यांना हे आवडलं. “उघड्यावर असेल तर पारदर्शकतेचा मुद्दाही त्यातच निघेल. अहवालात तोही आहे. उद्या सभेच्या आत द्या.” चहा न घेताच ते उठले.

संध्याकाळी शैलजाबाई जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसल्या. टेबल सागवानी होतं. ते कुठून आलं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. वरचा मजला चढला तेव्हा विचारलं नव्हतं आणि जिन्याला राजस्थानी दगड लागला तेव्हाही नाही. अप्पा चांगले नवरे होते. बाईंच्या आईच्या आजारपणात त्यांनी सासूचे पाय चेपले होते. अशा माणसाला कुठल्या तोंडानं विचारायचं, असं म्हणत म्हणत बाईंची नोकरी संपली होती. आणि आता ते विचारायचं काम सरकारी कागदावरून त्यांच्याकडे आलं होतं.

“काय लिहिलंय त्यानं आमच्याबद्दल?” अप्पांनी आतून विचारलं.

“अजून ठरवलं नाही मी.”

अप्पा म्हणाले, “तुझ्या हातात असेल तर जरा बघून लिही.” आणि ते शिंकले.

बाईंनी आधी बरोबर तेच लिहिलं. ‘सर्व सभासदांची डुकरी तोंडे डोणीत आहेत.’ वाक्य चोख होतं. शाळेत कुणा मुलीनं लिहिलं असतं तर त्यांनी पुरे गुण दिले असते. तेवढ्यात अप्पा रुमाल शोधत बाहेर आले. वाफेनं चेहरा लाल झालेला, उरलेसुरले केस कपाळाला चिकटलेले. कपाटात रुमाल त्यांना कधीच सापडत नसे, तसा आजही सापडला नाही. बाईंनी उठून काढून दिला. मग परत येऊन बसल्या आणि पहिलं वाक्य खोडलं. त्याखाली त्यांनी लिहिलं, ‘सर्व सभासद एकाच गव्हाणीत तोंड घालून खात आहेत.’

दुसऱ्या दिवशी हे सभेत वाचलं गेलं आणि वाचता वाचताच सगळ्यांची नाकं थांबली. विमलताईंनी टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला. सभा संपली आणि जेवणाची ताटं आली. पुरी, बटाट्याची भाजी, जिलबी, नेहमीचा बेत. सभासद ताटांकडे बघत बसले. जेवण वाईट होतं अशातली गोष्ट नव्हती, पण ते आपलं आहे असं कुणाला वाटेना.

“मागच्या अंगणात काय आहे?” विमलताईंनी विचारलं.

मागच्या अंगणात जुना गोठा होता. कचऱ्याच्या गाड्या बैल ओढायचे त्या काळातला. बैल गेले, गाड्या गेल्या, पण भिंतीला लागून एक लांब दगडी गव्हाण तेवढी राहिली होती आणि तिच्यात मोडक्या खुर्च्या टाकलेल्या होत्या. सभासदांनी आपल्या हातांनी खुर्च्या बाहेर काढल्या. शेजारी रसवंती होती. अप्पा तिथून उसाच्या वाढ्याचे दोन भारे घेऊन आले. मग सगळे ओळीनं उभे राहिले, वाकले आणि खाऊ लागले. दंडवते खिडकीतून बघत होते. त्यांनी अहवालावर समोरच्या रकान्यात ‘अनुपालन सुरू’ असं लिहिलं.

अप्पा घरी आले ते शांत होऊन आले. बाजेवर बसले आणि हळूहळू रवंथ करू लागले.

“जेवण?” शैलजाबाईंनी विचारलं.

“झालं.”

“काय होतं?”

“वाढं.”

बाईंना पुढं काय विचारावं कळेना. “मीठ बरोबर होतं?”

“मीठ नव्हतं,” अप्पा विचार करून म्हणाले. “पण उणं असं काही वाटलं नाही.”

पुढच्या दिवसांत एकेक गोष्ट मार्गी लागली. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर मुजावर यांना बोलावलं, तेव्हा त्यांनी आधी हे आपल्या अखत्यारीत येतं का ते पाहिलं. सभासद माणसं आहेत, त्यांचं बोलणंचालणं, कपडेलत्ते, सह्या सगळं जिथल्या तिथं आहे, हे त्यांना मान्य होतं. “पण माझं खातं खाणाऱ्यावरून ठरत नाही, गव्हाणीवरून ठरतं,” असं म्हणून त्यांनी सगळ्यांची पोटं दाबून पाहिली. नुसत्या वाढ्यानं अंगावर मांस धरणार नाही, म्हणून त्यांनी सरकी पेंड आणि कडबा कुट्टी लिहून दिली. चाटायला खनिजाची वीट टांगायला सांगितली. पेंड एकदम वाढवायची नाही, पोट फुगतं, हे त्यांनी विमलताईंना दोनदा बजावलं, कारण त्यांना गोडाची सवय होती.

एका बाबतीत वाद झाला. विरोधी सभासदांना वेगळी गव्हाण हवी होती. आयुष्यभर ज्यांच्याविरुद्ध बोललो त्यांच्या खांद्याला खांदा लावून खायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. दंडवत्यांनी भाषांतर काढून दाखवलं. त्यात ‘एकाच’ असा शब्द होता. एकाच म्हटल्यावर दुसरी गव्हाण कशी देणार? विरोधक दोन दिवस तोंड फिरवून उभे राहिले आणि तिसऱ्या दिवशी भुकेनं वाकले. खाताना त्यांना असं दिसून आलं की शेजारच्याचं तोंड भरलेलं असलं की त्याच्याशी वाद घालता येत नाही. सभा लवकर संपू लागल्या.

मग एका सकाळी ठेकेदार बोधनकर अप्पांना भेटायला घरी आले. नेहमीसारखे आले, नेहमीसारखे बसले, आणि पानाच्या डब्याशेजारी नेहमीसारखं पाकीट ठेवलं. शैलजाबाई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होत्या. इतकी वर्षं त्या अशा वेळी दोन पावलं मागे सरत. या वेळी त्या तिथंच उभ्या राहिल्या.

अप्पांनी पाकीट उचललं, नाकाशी नेऊन हुंगलं. एक कोपरा दातांनी तोडून सावकाश चावून पाहिला. मग उरलेलं पाकीट बोधनकरांपुढं सरकवलं.

“हे चालत नाही आता,” ते म्हणाले.

“अप्पा, कमी वाटलं का?”

“तसं नाही. कोरडं आहे. ह्याच्यात काही दमच नाही.” अप्पा मनापासून सांगत होते. आतापर्यंत आपण हे कसं खाल्लं याचंच त्यांना कोडं पडलेलं दिसत होतं. “तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. नालीचं काम नीट करा, पुढचं काम आहेच.”

बोधनकर कोपरा तुटलेलं पाकीट खिशात घालून गेले. अप्पा आता चहा घेत नसत, त्यांचं दूधसुद्धा सुटलं होतं. शैलजाबाईंनी ट्रे सागवानी टेबलावर ठेवला आणि दोन्ही कप एकामागून एक स्वतःच प्यायल्या. चहा चांगला झाला होता.

अप्पांचं आणखी एक बदललं. पूर्वी ते जेवले की आडवे होत. आता खाणं झालं की त्यांना घरात बसवेना. नुसतं बसलं तर खांदे आखडतात, असं ते म्हणत. ते वॉर्डात निघून जात. कुंभारगल्लीतली नाली बोधनकरांकडून होईपर्यंत ते रोज तिथं उभे राहिले, आणि एक दिवस मजूर कमी पडले तेव्हा त्यांनी सिमेंटचा पाइप दोराला बांधून स्वतः ओढत नेला. सगळ्याच सभासदांचं थोड्याफार फरकानं असं झालं. विमलताईंनी पाण्याच्या रखडलेल्या टाकीचा जिना चढून जाऊन तळ स्वतः पाहिला. गावातली माणसं म्हणू लागली की यांना खाल्लेलं अंगी लागतंय. कडब्याचा प्रश्न आपोआपच सुटला. ज्या गल्लीत काम झालं, तिथली माणसं एकेक पेंढी आणून टाकू लागली.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना नंबियार साहेब अनुपालन तपासायला आले.

दंडवत्यांनी त्यांना मागच्या अंगणात नेलं. सभासदांची जेवणाची वेळ होती. नंबियारांनी गव्हाणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चक्कर मारली आणि मग विचारलं, “हे काय?”

“आपल्या शेऱ्याचं अनुपालन,” दंडवते म्हणाले.

“मी ते म्हणायची एक पद्धत म्हणून लिहिलं होतं. कुणी गव्हाणीत जेवावं अशी माझी सूचना नव्हती.”

“सूचना नव्हती, साहेब. विधान होतं. विधान खरं आहे की नाही एवढंच आम्हाला पाहायचं होतं. ते खोटं ठरलं असतं तर आपल्यावर आलं असतं.”

नंबियारांना हे पटलं. त्यांनी भाषांतर मागितलं. वाचलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “हे भाषांतर बरोबर नाही. स्नाउट म्हणजे डुकराचं तोंड. यात डुक्कर कुठं आहे?”

दंडवत्यांचा चेहरा उतरला. “भाषांतर सदोष असेल तर दुरुस्त करून पुढच्या सभेत परत वाचावं लागेल.”

“लागेलच,” नंबियार म्हणाले.

गव्हाणीवरचं चावणं थांबलं. सगळ्यांनी माना वर केल्या. पहिलं भाषांतर वाचल्यावर काय झालं होतं ते कुणी विसरलेलं नव्हतं, आणि आता पुढं काय होईल हे प्रत्येकाला दिसत होतं. विमलताई घरात सोवळंओवळं पाळणाऱ्या होत्या; त्यांनी डोळे मिटून घेतले. अप्पांच्या ओठाच्या कडेला कडब्याची काडी तशीच राहिली होती. ते म्हणाले, “साहेब, भाषांतर आमच्या घरच्यांनी केलंय. त्यांना बोलवा. काय ते त्या सांगतील.”

शैलजाबाई आल्या. हातातलं काम टाकून आल्यामुळे त्यांच्या पदराला पिठाचा हात लागलेला होता. नंबियारांनी त्यांना आदरानं खुर्ची दिली, कारण ते स्वतः एका शिक्षिकेचे चिरंजीव होते, आणि मग विचारलं, “मॅडम, स्नाउटचा अर्थ आपल्याला माहीत नव्हता?”

“माहीत होता.”

“मग गव्हाण का लिहिलंत?”

खरं कारण रुमालाचं होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. शाळेत एखादा अवघड धडा आला की त्या पुस्तक मिटून बोलायच्या. आता त्यांनी दंडवत्यांच्या हातातला कागद घेतला आणि घडी घातली.

“साहेब, अर्थ डुकराचा आहे, हे मान्य. पण वापर कुठला? जो आपण कष्ट न करता सगळ्यांच्या वाट्याचं खातो, त्याला हे म्हणायचं. बरोबर?”

“बरोबर.”

“आमच्या गावात डुकराला खायला कोण घालतं? कुणी नाही. ते उकिरडे फिरून आपलं आपण शोधतं. ते कुणाचंच खात नाही, उलट गाव थोडं साफच करतं. मी डुक्कर लिहिलं असतं तर गावानं वाचलं असतं की सभासद बिचारे स्वतःच्या हिमतीवर जगतात. आपल्याला तसं म्हणायचं होतं का?”

“मुळीच नाही,” नंबियार घाईनं म्हणाले.

“आमच्याकडे दुसऱ्यानं आणून समोर टाकलेलं खातं कोण? दावणीचं जनावर. म्हणून गव्हाण.”

नंबियार विचारात पडले. “पण गुरं तुम्हाला पूज्य. मग यात निंदा कुठं राहिली? माझं वाक्य निंदेचं होतं, मॅडम. मी ते मऊ करून घेणार नाही.”

“निंदा आहे की. बसून खाणाऱ्या बैलाला आमच्याकडे काय काय म्हणतात ते तुम्ही ऐकलेलं नाही. पण एक आहे. तिकडे इंग्रजांत डुकराला खायला घालतात ते त्याला कापायचं म्हणून. बैलाला घालतात ते त्याला औताला जुंपायचं म्हणून. गव्हाणीत तोंड घातलं की मान जोखडात द्यावी लागते, हे आमच्यात लहान पोराला कळतं. तुमच्या भाषेतली शिवी नुसती शिवी आहे. मराठीत आली ती कामाला लावणारी शिवी आहे.”

नंबियारांनी दंडवत्यांकडे पाहिलं. दंडवत्यांनी टाकीची, कुंभारगल्लीची आणि बाजारातल्या दिव्यांची कामं तोंडपाठ सांगितली. नंबियार म्हणाले, ती कामं त्यांनी येताना पाहिली होती आणि दुसऱ्याच गावात आलो की काय असं त्यांना वाटलं होतं.

“हे भाषांतर अर्थाला सोडून आहे आणि वापराला धरून आहे,” शेवटी ते म्हणाले. “दोन्हींत मेळ पाहिजे. भाषांतर हलवता येत नसेल तर मूळ हलवावं लागेल.” त्यांनी खिशातून पेन काढलं, आपल्या इंग्रजी वाक्यातला ‘स्नाउट्स’ हा शब्द खोडला, त्यावर ‘माउथ्स’ लिहिलं आणि बाजूला सही केली.

गव्हाणीवर पुन्हा चावणं सुरू झालं. अप्पा मात्र थोडा वेळ तसेच बायकोकडे बघत उभे राहिले. मग वाकले.

त्या संध्याकाळी घरी अप्पा म्हणाले, “तुला आधीच सगळं ठाऊक होतं ना? टेबलाचं, दगडाचं.”

“ठाऊक होतं.”

“मग कधी बोलली नाहीस ती.”

“शब्द मिळत नव्हता,” शैलजाबाई म्हणाल्या. अप्पांनी मान हलवली आणि रवंथ करता करता त्यांच्याशेजारी सरकून बसले.

पोळा आला तेव्हा गावानं ठरवून टाकलं की सभासदांचाही करायचा. आदल्या दिवशी खांदेमळणी. शैलजाबाईंनी वाटीत तूप-हळद कालवली, अप्पांचा सदरा उतरवून त्यांना पाटावर बसवलं आणि त्यांचे खांदे मळले. पाइप ओढल्याचा घट्टा उजव्या खांद्यावर पडला होता. तिथं त्यांनी बोटं जरा हलकी केली. मळून झाल्यावर रिवाजाप्रमाणे म्हणाल्या, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”

“येतो,” अप्पा म्हणाले. ते खूष होते. दुसऱ्या दिवशी सभासदांची वाजतगाजत मिरवणूक निघाली. विमलताईंनी पैठणीवर झूल घ्यायला आधी नकार दिला, पण शेजारच्या गावचे सभासद बघायला आले आहेत म्हटल्यावर घेतली. पुरणपोळी सगळ्यांनी चाखली. चवीला बरी होती, पण पेंडीची सर नाही, असं त्यांचं मत पडलं.

याच सुमारास गावातल्या बोलण्यात फरक पडला. पूर्वी कुणी निवडून आला की लोक डोळा मिचकावून म्हणत, लागला गव्हाणीला. आता म्हातारी माणसं पाया पडणाऱ्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवून तेच म्हणू लागली, “गव्हाणीला लाग, बाबा.” मिचकावणं राहिलं नाही. शैलजाबाईंना एकदा वाटलं, हा वापर नंबियार साहेबांना कळवायला हवा. पण मग त्यांना मूळ वाक्यात परत खाडाखोड करावी लागली असती, म्हणून त्यांनी कळवलं नाही.

मुदत संपत आली. नव्या निवडणुकीसाठी वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत निघाली आणि अप्पांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. वॉर्डातली माणसं त्याच दिवशी घरी आली. कुंभारगल्लीच्या बायका पुढं होत्या. अप्पांचं नाव चालत नाही तर बाईंचं चालेल, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं.

शैलजाबाई अप्पांना आत घेऊन गेल्या. “तुमचं काय?”

“माझं काय? मी भाकरी खाईन परत. आधी खातच होतो की.”

“जमेल?”

“सवय करीन.” अप्पा म्हणाले. “तू जा. मी होतो तेव्हा पहिली कितीक वर्षं नुसती वायाच गेली. तुझी तशी जायची नाहीत.”

बाई निवडून आल्या. मतं चांगली पडली. विमलताईही आपल्या वॉर्डातून परत आल्या. जुन्या सभासदांची मुदत संपली त्या सकाळी अप्पांचं रवंथ थांबलं. त्यांना अचानक भूक लागली ती ज्वारीच्या भाकरीची आणि ठेच्याची. बाईंनी दोन भाकऱ्या करून वाढल्या. तिखटाची सवय मोडलेली असल्यामुळे अप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दिवसभर ते जरा हरवल्यासारखे वावरले, मधूनच रिकामं तोंड हलवून बघत. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी पीठ मळायला घेतलं, कारण बाईंना आता घरी जेवायचं राहणार नव्हतं आणि एकट्यापुरतं कुणाला करायला लावणं त्यांना बरं वाटेना.

पहिल्या सभेच्या दिवशी शैलजाबाई वेळेच्या आधी पोचल्या. शपथा झाल्या, समित्या ठरल्या. दुपार होत आली तशी त्यांना भूक जाणवू लागली, आणि ती भूक नेहमीच्या जागी नव्हती. खांद्यांपासून खाली उतरत येत होती. सगळे मागच्या अंगणात गेले. गव्हाण धुऊन ठेवलेली होती आणि तिच्यात कुट्टीवर भिजवलेली पेंड घातलेली होती.

बाई कडेला घुटमळल्या. विमलताईंनी हाक मारली, “बाई, इकडं या. तिकडच्या टोकाला ऊन येतं.” आणि त्या सरकल्या.

“काही रीत आहे का?” शैलजाबाईंनी विचारलं.

“चष्मा काढून ठेवा. आणि एकदम मोठा घास घेऊ नका, डॉक्टर ओरडतात.”

बाईंनी चष्मा काढून पिशवीत ठेवला. पदर घट्ट खोचला आणि वाकल्या. ओल्या पेंडीचा आणि कडब्याचा वास त्यांना वाटला होता तसा उग्र नव्हता. पहिला घास त्यांनी बराच वेळ चावला. गोडसर होता. एका बाजूला विमलताईंचा खांदा लागत होता, दुसऱ्या बाजूला विरोधी पक्षाच्या एका नव्या सभासदाचा, आणि दोन्ही खांदे उबदार होते. दुसरा घास घेताना त्यांना आपल्या वॉर्डातल्या बालवाडीमागच्या बंद दिव्यांची आठवण झाली, आणि त्या जरा भरभर चावू लागल्या.